शाळेचे पांढरे उंदीर आणि भागूबाईंचं पाणी

अन्याय झाला तो भागूबाईंवर. १९७३ सालच्या मार्चमधल्या तिसऱ्या सोमवारी, आमच्या शाळेची पहिली घंटा आणि प्रार्थना यांच्या मधल्या दहा मिनिटांत. करणारा मी. हत्यार म्हणजे सायक्लोस्टाइल केलेलं एकपानी पत्रक, प्रती चारशे.

हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणाऱ्यांची एक खोड मला ठाऊक आहे. स्वतःची चूक शेवटच्या परिच्छेदात येते, आणि तीही ‘मनाला चुटपुट लागून राहिली’ इतक्या मोघम शब्दांत. संपादकांनी मला पत्र पाठवलं की तुमच्या आगळ्यावेगळ्या नोकरीबद्दल काहीतरी गमतीदार लिहा. नोकरी आगळीवेगळी होती हे खरं. गमतीही झाल्या. पण त्या सांगून वाचकाला हसवायचं आणि भागूबाईंना खडी फोडायला सोडून द्यायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

नगरहून नागापूरकडे जाताना लागणारी ती शाळा. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माझं पद ‘प्रयोगशाळा परिचर’. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं आणि उंदीर सांभाळणं ही कामं. विज्ञानाच्या सरांनी पुण्याहून चार पांढरे उंदीर आणले होते, लाल डोळ्यांचे, हातावर घेतले तर बाहीत शिरणारे. चाराचे तीस झाले तेव्हा आम्ही नर आणि मादी वेगळे केले. सायकल स्टँडच्या एका टोकाला पत्रा ठोकून उंदीरघर केलं. हे उंदीर कापायला नव्हते. विज्ञान मंडळातल्या प्रत्येक मुलाला एक उंदीर पाळायला मिळे. त्याचं वजन करायचं, वहीत लिहायचं, रविवारी घरी न्यायचा, आईनं आरडाओरडा केला की सोमवारी परत आणायचा. नावं मुलंच ठेवत. एकाचं सरपंच, एकाचं फौजदार. सातवीतल्या सुमननं आपल्या मादीचं नाव ‘मोठ्या बाई’ ठेवलं होतं आणि शाळेतल्या मोठ्या बाईंना, म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षिकेला, ते अजून माहीत नाही.

पाळीव उंदीर मरतो तो बहुधा पाण्यापायी. वाटीत पाणी ठेवलं की तो त्यात बसतो, भुसा ढकलतो, लेंड्या टाकतो आणि वर तेच पितो. म्हणून औषधाची बाटली घ्यायची, बुचातून काचेची वाकडी नळी काढायची आणि बाटली पिंजऱ्याला उलटी टांगायची. नळीचं टोक दिव्याच्या ज्योतीत धरून गुळगुळीत करावं लागतं, नाहीतर जीभ कापते. टांगल्यावर टोकाला बोट लावून पाहायचं, आत बुडबुडा चढला तर पाणी येतंय. उन्हाळ्यात तीन दिवसांत बाटलीच्या आत बुळबुळीत थर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. बाटली रोज घासायची, पाणी रोज बदलायचं, कालचं उरलेलं चालत नाही. तीस उंदरांना दिवसाला साधारण एक तांब्या पाणी लागतं.

खाण्याची गोष्ट त्याहून सोपी. बाजरीच्या भाकरीचा तुकडा, मोड आलेली मटकी, गाजराची चकती, शेवग्याचा कोवळा पाला. शेंगदाणा एखादाच, तोही लाड म्हणून. पण लोकांना सोपं पटत नाही. नागापूरच्या एका कारखान्यात फिटर असलेले एक पालक रविवारी मुलीच्या उंदराला चमचाभर च्यवनप्राश चारत. उंदरानं तो भुशात लोळवून कोपऱ्यात पुरून ठेवला. फिटरसाहेब सोमवारी मला म्हणाले, “पचायला जड जातोय वाटतं. दुधातून देऊ का?” दुसरे एक गृहस्थ जोडी मागायला आले. पांढरा उंदीर दुकानात ठेवला की काळे उंदीर पळतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं. मी त्यांना अर्धा तास अंधश्रद्धेवर झोडपलं. तेव्हा मला फार मजा वाटे झोडपायला.

कारण मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आई लहानपणीच गेली, बोर्डिंगात राहिलो. तिथल्या वाचनालयात आरोग्याची, ग्राहकांच्या हक्कांची, अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं येत, ती मी पाठ करी. पुढे आमचं युवक मंडळ निघालं. स्टेन्सिल मी कापायचो. ‘जाब द्या!’ हे दोन शब्द माझ्याइतक्या वेळा नगर जिल्ह्यात कुणी लिहिले नसतील. स्वयंपाकघरात मात्र मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

भागूबाई शाळेच्या शिपाई. पाथर्डीकडच्या. घरी कोरडवाहू जमीन. आधी दरसाल ऊसतोडीला जायच्या. नवरा गाडीखाली सापडून अधू झाल्यावर नगरला आल्या. वर्ग झाडणं, घंटा देणं, पाणी भरणं त्यांच्याकडे. उंदीरघरातलं पाणीही त्याच भरत. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला भाऊ.

दुष्काळात शाळेची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. आमच्या युवक मंडळानं टँकरच्या पाण्यावर तीन पत्रकं काढली. मग टँकरवाल्यांनी टाकीत जंतुनाशक पावडर टाकायला सुरुवात केली, ती अशी की पाण्याचा वास वर्गात यायचा. उंदीर पाण्याला तोंड लावेनात. नळीशी येत, हुंगत, मागे सरत. मुलं घाबरली. गावातलेही टोमणे मारत होते. “माणसाला घोटभर न्हाई आन् उंदरांच्या बाटल्या भरत्यात,” असं टँकरवाला रोज ऐकवायचा. सुमननं त्याला एकदा सुनावलं, “काका, मी माझ्या वाट्याचं देते. तुमच्या वाट्याचं मागितलं का?”

मी उपाय काढला. माझ्याजवळच्या एका आरोग्यपत्रकात होतं की लिंबानं पाण्यातले जंतू मरतात आणि लिंबात क जीवनसत्त्व असतं. दुसऱ्या एकात होतं की पितळेच्या भांड्यातलं पाणी शुद्ध. मी दोन्ही एकत्र केली. एका पालकांची श्रीगोंद्याकडे लिंबाची बाग वाळत होती, झाडाखाली पडलेली लिंबं त्यांनी पोतंभर आणून दिली. शाळेच्या अडगळीत एक जुनी पितळेची कळशी होती. तिच्यात टँकरचं पाणी, वर दहा-बारा लिंबं पिळलेली, थोडा गूळ. वास गेला. उंदीर पिऊ लागले. मी फळ्यावर लिहिलं, ‘शुद्ध पाणी, नैसर्गिक जीवनसत्त्व, खर्च नाही.’ कळशी एकदा भरली की तीन-चार दिवस पुरायची.

भागूबाईंनी आत डोकावून पाहिलं.

“भाऊ, कल्हई गेलीय हिची.”

“मग?”

“आंबट हाय ना पानी. पितळंत आंबट ठिवू नये. कळकतंय.”

“म्हणजे काय होतं?”

“कळकतंय म्हंजी कळकतंय. ताक ठिवून बगा. तोंडात घालवत न्हाई.”

“मावशी, ‘म्हणजे काय’ याचं उत्तर ज्या गोष्टीला नसतं, तिला समजूत म्हणतात. शास्त्र नाही.”

त्यांनी कळशी झाकली. मग म्हणाल्या, “तुमी शिकलेले. पर ताक तर म्या रोज करते.” आणि झाडू घेऊन गेल्या.

तुमच्यापैकी कुठलीही बाई आत्ता कपाळावर हात मारून घेत असेल. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवायचं नाही, हे नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात कळतं. मला कळलं नाही. ते कुठल्याच पत्रकात नव्हतं. ज्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात त्यांची पत्रकं कोण काढतो?

दीड महिना काही बिघडलं नाही. उंदीर तुकतुकीत. सरपंचाचं वजन वाढलं. मी विजयी. मार्चमध्ये भागूबाई चार दिवसांची रजा घेऊन गावी गेल्या, नणंदेच्या घरचं कार्य होतं. ते चार दिवस बाटल्या मी स्वतः भरल्या. तिसऱ्या दिवशी उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसू लागले. त्या रविवारी एकही उंदीर घरी पाठवला नाही, संध्याकाळपर्यंत सात मेले. सरपंच त्यात पहिला.

सोमवारी सकाळी मी उंदीरघरात गेलो तर भागूबाई माझ्या आधी आल्या होत्या. बाटल्या एकेक काढून पाणी मातीत ओतत होत्या. शेजारी एक मडकं झाकून ठेवलेलं.

“काय करताय?”

“टाकून देते. हे नगा पाजू त्यास्नी.”

“आणि हे मडक्यात काय?”

“त्यांचं पानी.”

“त्यांचं पाणी कळशीत आहे.”

“भाऊ,” त्या सरळ म्हणाल्या, “ते तुमचं पानी म्या कवाच पाजलं न्हाई त्यास्नी. एक दिस न्हाई. ओतून द्यायचे आन् माझं भरायचे.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्या दिवशी मला त्यात कबुली ऐकू आली. बाई दीड महिना आपल्याला फसवत होती, शाळेचं पाणी मातीत ओतत होती, कुठलं तरी मडक्यातलं पाणी मुक्या जिवांना पाजत होती आणि आता पुरावा नष्ट करत होती. ‘तुमचं पाणी कसलं?’ हा एक प्रश्न मी विचारायला हवा होता. तो विचारला नाही. खोलीवर स्टेन्सिल तयार होतं. पहिल्या सात उंदरांसाठी टँकरवाल्याविरुद्ध मी रविवारीच पत्रक कापायला घेतलं होतं. टँकरवाल्याचं नाव मला माहीत नव्हतं. भागूबाईंचं माहीत होतं.

त्या सोमवारी पहिल्या घंटेनंतर मी हेडसरांच्या खोलीत गेलो आणि तोंडी आरोप केला. प्रार्थनेच्या आधी त्यांना कामावरून कमी केलं होतं. हेडसर चौकशी न करता कसे तयार झाले? कारण पत्रक मंगळवारी निघणार आणि बाईंना ठेवलं तर त्यात शाळेचंही नाव येणार, असं मी त्यांना सांगितलं होतं. बुधवारी सकाळपर्यंत ते बसस्थानकावर, भाजीबाजारात आणि नागापूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर वाटूनही झालं. ‘मुक्या जिवांचं पाणी कुणी पळवलं? जाब द्या!’ खाली त्यांचं पूर्ण नाव, गाव, सगळं. भाषा चांगली जमली होती. लोक मोठ्यानं वाचून दाखवत होते.

उंदीरघर मी धुऊन काढलं. उरलेल्या तेवीस उंदरांना ताकद यावी म्हणून लिंबं दुप्पट केली. आठवड्याच्या आत आणखी नऊ मेले. मोठ्या बाई त्यात होती. सुमन रडली नाही. पिंजऱ्यासमोर उभी राहून मला म्हणाली, “सर, आता तर भागूबाई नाहीत. आता कोण?”

मग मला सुचलं की जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं. ते म्हशी तपासणारे गृहस्थ. उंदीर म्हटल्यावर आधी हसले. मग त्यांनी कळशी उजेडात तिरकी केली आणि मला आत बघायला लावलं. पाण्याच्या रेघेवर हिरवं कडं धरलं होतं, मोरचुदासारखं.

“चव घेतली होती?” त्यांनी विचारलं.

“घेतली होती. तोंड तुरट झालं. वाटलं टँकरचं असेल.”

“तू पेलाभर प्यायला असतास तर ओकला असतास आणि सुटला असतास. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलं की गेलं.”

“पण जीवनसत्त्व...”

“क जीवनसत्त्व उंदीर स्वतःच्या अंगात तयार करतो रे बाबा. लिंबाची गरज तुला आहे. त्याला नाही.” कळशी खाली ठेवत ते म्हणाले, “घरात कुणी बाईमाणूस नाही का विचारायला?”

शाळेत होतं. विचारायच्या आधी तिनं सांगितलंही होतं.

चौदा उंदीर वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी उकळून, गाळून, रुंद तोंडाच्या भांड्यात दिवसभर उघडं ठेव, पावडरीचा वास उडून जाईल. शाळेच्या मागे गेलो तर तीन दगडांची चूल, राख आणि एक रुंद तोंडाचं मडकं पालथं घातलेलं. भागूबाई हेच करत होत्या. जळण त्यांचं, मडकं त्यांचं. आणि मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की त्यांनी पाणी पळवलं.

त्यांना शोधायला वेळ लागला. पाथर्डीच्या रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं, तिथे खडीच्या ढिगाशी बसल्या होत्या. हातोडी थांबवली नाही.

“मावशी, चूक माझी होती. कळशीनं मेले.”

“ठावं हाय.”

“मी हेडसरांना सांगितलं.”

“मंग?”

मी शेजारी टेकलो. हेडसर काय म्हणाले होते ते सांगण्यासारखं नव्हतं. शेजारच्या एका बाईनं विचारलं, “ह्योच का त्यो उंदीरवाला?” सगळ्या हसल्या. भागूबाई हसल्या नाहीत.

“किती कागूद छापले हुते भाऊ?”

“चारशे.”

“चारशांनी वाचलं. माझ्या भाच्यानं वाचलं. हितल्या मुकादमानं वाचलं, मस्टरवर नाव लिवताना मला म्हनतो, पान्याच्या पिपाजवळ जायाचं न्हाई तू.” त्यांनी एक दगड फोडला. “नाव माझं छापून काढलं. आन् माफी तोंडी व्हय?”

मी उठलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “बाकीच्यांचं पानी कोन करतंय?”

“मी.”

“गार झाल्यावर भरा. कोमट भरलं तर बूच सुटतंय.”

हेडसर काय म्हणाले, तेही आता लिहितो. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, “जागा रिकामी आहे. मला तिला घ्यायला हरकत नाही. पण गावभर झालंय. पालक विचारतील, पाणी चोरणारी बाई पुन्हा पाण्यावर? तुम्ही एकट्यानं चूक कबूल करून काय उपयोग? तुमचं पत्रक वाचलेल्यांनी सांगू दे.” मी राजीनामा दिला, तो त्यांनी लगेच घेतला. आता मी नागापूरला एका वर्कशॉपात भांडार सांभाळतो. दुसरं पत्रक काढून पाहिलं, चूक कबूल करणारं. चारशेच प्रती. लोकांनी हातात घेतलं, वाचलं आणि त्यात पावशेर मिरच्या बांधून घेऊन गेले. आरोपाचा कागद माणूस घडी करून खिशात ठेवतो, कबुलीचा ठेवत नाही. या धंद्यात मी सात वर्षं होतो आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझी नोकरी बाटल्या धुण्याची होती आणि ती मी बरी करत होतो. मी जे बिघडवलं ते नोकरीबाहेरचं. ज्याला उलट छापता येत नाही त्याच्याविरुद्ध मी छापलं. पुस्तकातला एक परिच्छेद आणि बाईच्या हातातली तीस वर्षं समोरासमोर आली, तेव्हा मी परिच्छेद निवडला, आणि त्याला वैज्ञानिक दृष्टी म्हटलं. विज्ञानाचं काम होतं ते इतकंच, की एका पिंजऱ्याला माझं पाणी, एकाला त्यांचं, आणि आठ दिवस गप्प बसून बघणं. सातवीतल्या सुमनला हे सुचलं असतं.

संपादक म्हणाले होते गमतीदार लिहा. तर वाचकहो, आता मागणी.

ते पत्रक नगरमध्ये वाटलं गेलं आणि हा अंकही नगरमध्येच विकला जातो. म्हणजे तुमच्यातल्या काहींनी ते वाचलंय. वाचून कुणाला तरी सांगितलंय, शेजारणीला, दुकानदाराला, मुकादमाला. ज्याला सांगितलंत त्याच्याकडे हा अंक घेऊन जा आणि सांगा, ते खोटं होतं, बाईनं पाणी चोरलं नाही, तिनं ते उकळून पाजलं. आणि ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत त्यांनी हेडसरांच्या नावानं एक पोस्टकार्ड टाका : भागूबाईंना कामावर परत घ्या, पाण्याच्याच कामावर. माझ्या सहीनं भागत नाही. खाली तुमची सही करा आणि कार्ड आजच पेटीत टाका.